हंड्याचा पोचा

माझ्या मैत्रिणीला संग्रहालयाचं वेड लागलं ते शाळेतून निवृत्त झाल्यावर. निवृत्तीनंतर कुणी पेटी शिकतं, कुणी नातवंडं सांभाळतं. ही लोकांच्या माळ्यावर चढायला लागली. कल्याणच्या बाजूला एक जुनं पंपघर बंद पडून होतं. तिथे आपल्या भागातल्या पाण्याचं संग्रहालय करायचं, असं काही हौशी मंडळींनी ठरवलं आणि वस्तू गोळा करायचं काम हिने अंगावर घेतलं. मग काय, आंबिवलीपासून कोपरपर्यंत ओळखीचं एक घर तिने सोडलं नाही. कुणाचा पितळी बंब, कुणाच्या विहिरीचा रहाट, कुणाचा डालड्याचा डबा, तार लावून बादली केलेला. एका घरातून तर तिने टुल्लू पंप आणला. शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढून घेणारा पंपही आपला वारसाच आहे, असं ती म्हणाली तेव्हा मी खूप हसले होते.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही फिरत फिरत आमच्या हंड्यापर्यंत येणार.

तो हंडा आईचा. तांब्याचा, जरा लहानसर, आईच्या लग्नात मामाने दिलेला. गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव आणि खाली ‘भावाकडून सप्रेम भेट’. मामाने नाव घालायला भांडीवाल्याला वेगळे पैसे दिले होते, कारण नाव नसलेलं भांडं चाळीत हरवतं, हे त्याला ठाऊक होतं. कोपरच्या फ्लॅटमध्ये आलो, स्वयंपाकघरात नळ आला, तरी आई रोज सकाळी हंडा भरून ओट्याच्या कडेला ठेवायची. काचबिंदूने तिची नजर गेली तेव्हा कुठे ते थांबलं. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. हंडा तिच्या पलंगाखाली पालथा असायचा. जाता-येता ती पायाने चाचपून तो आहे ना, बघायची.

त्या हंड्याच्या पोटाला मोठा पोचा होता. तळहात बसेल एवढा. चाळीत असताना भांडी ठोकणारा गल्लीतून ओरडत जायचा, आमच्या दारात थांबून सांगायचा की ताई, बाहेरून दिसतं हो वाईट, दोन मिनिटांत काढून देतो. आई त्याला दरवेळी हाकलायची. म्हणायची, असू दे, कमरेला बरोबर बसतो. ते खरंही होतं. हंडा कडेवर घेतला की तो खळगा तिच्या कमरेच्या हाडावर चपखल बसे आणि हंडा घसरत नसे. पण त्यासाठी तिने तो ठेवला नव्हता, हे मला माहीत होतं आणि माझ्या मैत्रिणीलाही.

आमची चाळ विठ्ठलवाडीच्या बाजूला होती. आज तिथे टॉवर आहे. चाळीला नळ एकच, मागच्या अंगाला, दगडी कट्ट्यावर. त्या नळाचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण चाळीतल्या रांगत्या पोरालाही तो पाठ होता. भांडी रांगेत लावायची, ज्याचं भांडं आधी त्याचा नंबर आधी; फक्त आमची चार घरं सोडून. आम्ही बौद्ध. आमची भांडी रांगेत नाही, कट्ट्याच्या खाली, भिंतीला लागून. सगळ्यांचं झालं की आमचं. आम्ही भरून गेलो की दुसऱ्या दिवशी पहिली बाई नळाची तोटी राखेने घासायची, वर तांब्याभर पाणी ओतायची आणि मग आपली कळशी लावायची. भांडण नाही, शिवी नाही. उलट दिवाळीला फराळाची ताटं इकडून तिकडे जायची. फराळ चालायचा, पाणी चालायचं नाही.

माझी मैत्रीण शेजारच्या खोलीतली. तिचे वडील रेल्वेत, मूळचे रत्नागिरीकडचे. आम्ही दोघी एका वर्गात, एका बाकावर. तिच्या आईला मी काकू म्हणायचे. काकू तशी प्रेमळ बाई. माझी वेणी तिने कितीदा घातली असेल. नळाच्या वेळेला मात्र काकू बदलायची.

एका उन्हाळ्यात मोठी पाइपलाइन फुटली आणि दोन-तीन दिवस चाळीला पाणी आलं नाही. माझा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता. त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवायलाही घरात पाणी नव्हतं. दुपारी नळ सूंसूं करायला लागला तशी आई धावली आणि हंडा कट्ट्यावर, रांगेत ठेवला. दोन-चार भांड्यांच्या मागे. पुढे घुसली नाही, फक्त रांगेत ठेवला. मागून काकू आली. पायाने हंडा लोटला. लोटला म्हणजे लाथच. हंडा कट्ट्यावरून खाली गेला, खालच्या दगडावर आपटला आणि गडगडत भिंतीशी, आमच्या जागेवर जाऊन थांबला. बायकांनी आपापली भांडी पुढे सरकवली. आईने हंडा उचलला, पदराने पुसला आणि तिथेच भिंतीशी उभी राहिली. सगळ्यांचं भरून झाल्यावर तिने पाणी भरलं.

आम्ही दोघी मुली तिथेच होतो. मी रडले नाही. मैत्रीण रडली. आणि दिवेलागणीला ती आमच्या दारात आली. मी म्हटलं, काय गं? ती म्हणाली, ‘तुमच्या हंड्यातलं पाणी दे.’ मी आईकडे बघितलं. आईने पेला भरून दिला. हिने उंबऱ्यात उभं राहून सगळा पेला संपवला, तोंड पुसलं आणि गेली. त्या दिवसापासून ती माझी मैत्रीण. त्याआधी नुसती शेजारीण होती. पुढे आयुष्यात ती माझ्याशी कशीही वागली, वेळ पाळली नाही, पुस्तकं नेऊन परत केली नाहीत, माझ्या लग्नात रुसून बसली, तरी मी तिला त्या पेल्यावर सगळं माफ केलं.

गोष्ट तिथे संपत नाही. आईच्या मते तर तिथे ती सुरूही होत नाही. बऱ्याच वर्षांनी काकू अर्धांगाने आडवी झाली. मैत्रीण लग्न होऊन डोंबिवलीला, शाळेची नोकरी, काका वारलेले. दिवसा काकूजवळ कोण बसणार? आई बसायची. कुणी सांगितलं नव्हतं, तीच गेली. तोंड पुसायची, कूस वळवायची. एके दुपारी काकूने तिला खूण केली, पाणी. आई तिच्याच माठातलं पाणी काढायला गेली तर काकूने मान हलवली आणि वाकड्या तोंडाने, अडखळत म्हणाली, तुझ्या हंड्यातलं. आईने घरून हंडाच उचलून आणला आणि चमच्याने तिला पाणी पाजलं. काकू रडत होती आणि पीत होती. त्यानंतर जाईपर्यंत तिने दुसरं पाणी घेतलं नाही. मैत्रीण रविवारी यायची, तिने हे डोळ्यांनी बघितलं. एकदा तर चमचा तिच्याच हातात होता.

तर संग्रहालयासाठी हंडा मागायला ती आली तेव्हा हे सगळं आम्हा तिघींच्या मध्ये बसलेलं होतं.

माझं मन होत नव्हतं. पण आई एका पायावर तयार झाली. म्हणाली, माझ्यामागं तुझी सून त्याचं काय करंल, झाड लावंल त्यात. शिवाय चाळ पाडली, चाळीतली माणसं कुठे कुठे गेली, काही वर गेली. नळावरचं आता कोण सांगणार? आपण गेलो की झालं. हंडा काचेत राहिला तर गोष्ट राहील, असं तिचं गणित होतं. मला आठवतं, ते बोलताना ती एकदम ताठ बसली होती.

तिने एकच अट घातली. मैत्रिणीचा हात धरून तिने तो हंड्याच्या पोच्यावर ठेवला.

‘बाळ, ह्यो पोचा कसा पडला ते लिव. आन् तुझी आई ह्यातलं पाणी पिऊन गेली ते बी लिव. एकच लिवू नगंस. दोन्ही लिव.’

‘दोन्ही लिहीन, मावशी,’ मैत्रीण म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. माझेही.

जाताना तिने हंडा जुन्या चादरीत गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसली. मी खिडकीतून बघत होते. मला बरं वाटलं. द्यायचाच तर त्याला यापेक्षा चांगला हात मिळाला नसता, असं मी आईला म्हटलंसुद्धा.

पुढचे काही महिने आईला दुसरा विषय नव्हता. दूधवाल्याला सांगून झालं, खालच्या वॉचमनला सांगून झालं, तिला फिजिओथेरपी द्यायला येणाऱ्या मुलीलाही सांगून झालं. हंडा कुठे ठेवतील, काच असेल का, माणसं तिकीट काढून बघतील का. मी चिडवायचे, आता तुझाही पुतळा बसवतील. ती म्हणायची, पुतळा कशाला, पोचा हाय ना.

उद्घाटनाला आम्ही रिक्षा करून गेलो. आईने ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं. पंपघराला रंग दिला होता, दाराशी रांगोळी, सनईची टेप. आत खरंच छान मांडलं होतं, ते मी मान्य करते. ओतीव लोखंडाचे पाइप, माणसाच्या उंचीची पाणी सोडायची चावी, पितळी तोट्या ओळीने, कावड, पोहरे, रबरी नळीची गुंडाळी आणि तिच्या तोंडाला बांधलेली चिंधी. ती चिंधी बघून मला चाळ आठवली. मैत्रीण पैठणी नेसून इकडून तिकडे पळत होती. आम्हाला बघून तिने लांबूनच हात केला. जवळ आली नाही. पाहुणे होते, मी म्हटलं असेल गडबड.

हंडा मधोमध होता. काच नव्हती, लाकडी चौथऱ्यावर नुसता ठेवलेला, गळ्यात झेंडूची माळ. लखलखत होता. इतका की क्षणभर मला ओळखू आला नाही. आईला मी चौथऱ्यापर्यंत नेलं आणि तिचा हात हंड्यावर ठेवला.

आधी तिने गळा चाचपला. नावाचे ठिपके बोटांना लागले तशी हसली. मग हात पोटावर आणला. एका बाजूने फिरवला, दुसऱ्या बाजूने फिरवला. मग दोन्ही हात लावले, एखाद्या गरोदर बाईचं पोट सुईण तपासते तसे. माळ बाजूला सारून पुन्हा फिरवले. मी बघत होते आणि मला कळून चुकलं होतं. पोट सगळीकडून गोल गरगरीत होतं. पोचा नव्हता.

‘वाच,’ आई म्हणाली. ‘काय लिवलंय ते वाच.’

चौथऱ्याला पाटी होती. खोटं वाचावं असं माझ्या मनात आलं. तिला दिसत नव्हतं, काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. पण तिला आधीच एकीने फसवलं होतं, दुसरी मी व्हायला तयार नव्हते. मी होतं तसं वाचलं. चाळीतला सार्वजनिक नळ. येथे पाण्यासोबत सुखदुःखांचीही देवाणघेवाण होई. जातपात न मानता सारी चाळ एका रांगेत उभी राही. तांब्याचा हंडा, चाळीतील एका गृहिणीकडून सप्रेम भेट.

आईने मला ते पुन्हा वाचायला लावलं. एका रांगेत, हे शब्द आले तेव्हा तिचा हात हंड्यावरून खाली आला.

तेवढ्यात मैत्रीण आली. आईच्या पाया पडली. म्हणाली, बघितलंत ना मावशी, कसा झळकतोय, ठाण्याला नेऊन खास माणसाकडून करून घेतला. पोचा काढला, पॉलिश केलं. पोचा असलेलं भांडं चारचौघांत कसं मांडायचं, लोक म्हणाले असते जुनी मोडकी भांडी गोळा केलीत. पाहुण्याला फुटका कप द्यायचा नाही, ही आपली रीत, आणि ती तिने हंड्यालाही लावली होती.

आईने ते सगळं ऐकून घेतलं.

‘नाव माझंच हाय,’ ती म्हणाली. ‘हंडा माझा न्हाय.’

मैत्रिणीने मला बाजूला ओढलं. अगं समजून घे, मी एकटी नाहीये, समितीत आठ-दहा माणसं आहेत, कडू काही नको असं सगळ्यांचं ठरलेलं. मी म्हटलं, ठरलेलं तेव्हा तू काय बोललीस? ती हळूच म्हणाली, ‘माझी आई आहे गं ती. उद्या माझी नातवंडं इथे येणार. त्यांनी तिचं काय वाचायचं, लाथ मारली?’

‘आणि पाणी प्यायली, हेही वाचलं असतं,’ मी म्हटलं.

‘एक लिहिलं की दुसरं लिहावं लागतं,’ ती म्हणाली.

ती खरं तेच बोलली होती. म्हणूनच मला जास्त राग आला. समिती वगैरे सगळं बाजूला, तिने तोलून मापून ठरवलं होतं. तिच्या आईचा शेवटचा चांगुलपणा गेला तरी चालेल, पण लाथ जायला हवी. आणि दोन्ही माझ्या आईच्या हंड्यावरून पुसायचं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. त्या दिवशी मला तिचा दहा वर्षांची असतानाचा चेहरा आठवेना, पेला तोंडाला लावलेला. मी खूप प्रयत्न केला. समोर पैठणीतली बाईच दिसत राहिली.

हंडा परत द्या, असं मी तिथल्या तिथे मागितलं. एक गृहस्थ पुढे येऊन गोड आवाजात म्हणाले की मॅडम, एकदा संग्रहात आलेली वस्तू समाजाची होते. मी त्यांना विचारणार होते की कुठल्या समाजाची. आईने माझा दंड दाबला. घरी चल, म्हणाली. रिक्षात ती नुसती उजव्या हाताने डाव्या कमरेचं हाड चोळत होती.

मग मैत्रिणीचे फोन आले. मी उचलले नाहीत. शेवटी एका संध्याकाळी ती न सांगता घरी आली. दार मीच उघडलं, पण या म्हटलं नाही. तिने चपला काढल्या आणि सरळ आईच्या पलंगापाशी जाऊन बसली. पाटी बदलून घेतलीय, म्हणाली. जातपातीचं वाक्य काढून टाकलं. आईने विचारलं, मग आता काय लिवलंय? मैत्रीण म्हणाली, आता नुसतं तांब्याचा हंडा एवढंच.

म्हणजे खोटंही काढलं आणि खरंही घातलं नाही. तिला वाटत होतं, हा मध्यममार्ग आहे. शाळेत मुलांची भांडणं ती अशीच मिटवत असणार, दोघांनाही गप्प बसवून.

आईने मला हाक मारली. पावण्याला पाणी दे, म्हणाली. माझ्या मनात नव्हतं, पण मी स्टीलचा पेला भरून आणला आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला. नळाचंच पाणी, फिल्टरचं. हंडा कुठे होता आता?

‘घे बाळ,’ आई म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, ‘लाथंचं मला कायबी वाटत न्हाय. ती म्या तवाच सोडली. पर तुझी आई पाणी मागून प्याली गं माझ्याकडं. त्येवढंच हुतं माझ्यापाशी. ते कशाला काढून टाकलंस?’

मैत्रिणीने पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला रडू येत होतं आणि माझ्यासमोर ते तिला नको होतं, एवढं मी तिला ओळखते. ती उठली, येते मावशी असं कसंबसं म्हणाली आणि चपला पायात नीट न घालताच निघाली. लिफ्टचं दार वाजलं.

मी मागे गेले नाही. दार लावून घेतलं. आत आले तेव्हा आई पलंगावरून वाकून स्टूल चाचपत होती. पेल्यापर्यंत हात पोचला, तशी तिने बोटं कडेवरून आत घातली. बोटं ओली झाली.

‘प्याली न्हाय,’ आई म्हणाली.